रेडिओतली रेजिना

केरळातल्या कुट्टनाडच्या गावरेडिओवर पर्यावरण अभियंता रेजिना रोज सकाळी लोकांच्या पाण्याच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. त्या दिवशी थंकम्मा नावाच्या म्हातारीचा फोन आला.

"पोरी, पूर ओसरला. आता विहिरीचं पाणी प्यायचं का गं?"

फोनमध्ये मागे म्हातारीच्या घरातला रेडिओ चालू असल्याचं ऐकू येत होतं. त्यातून रेजिनाचाच आवाज आला, "आधी उकळा, अम्मची."

"आधी उकळा, अम्मची," असं म्हणता म्हणता रेजिना चरकली. रेडिओतला आवाज तिच्या बोलण्यानंतर यायला हवा, तो आधी कसा आला?

तिनं काचेपलीकडे प्रक्षेपणाची यंत्रं सांभाळणाऱ्या साबूकडे रोखून पाहिलं. "साबू, टेप लावून थट्टा करतोस होय रे?"

"देवाशप्पथ नाही, चेची!" तो तिच्या हेडफोनमध्ये म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून तिनं माइकच बंद केला.

म्हातारीच्या रेडिओत मात्र रेजिना बोलतच राहिली. विहिरीत क्लोरीन किती टाकायचं, हे सांगता सांगता तिचा आवाज एकदम फाटला. "साबू, दार उघडू नकोस!"

रेजिनानं वर पाहिलं. बाहेरून कोणी तरी हाक मारली असावी, तसा साबू हेडफोन काढून दाराकडे निघाला होता.

ती जिवाच्या आकांतानं ओरडली. पण काच जाड होती, आणि साबूचा हात कडीवर पोचला होता.