आठ सेकंदांची खिडकी

"दिवा लावते आहे. आठ सेकंद मिळतील. नंतर कितीही विनवलंत तरी पुन्हा उघडणार नाही," संग्रहालयाच्या राखणदार बाई म्हणाल्या.

टेबलावर काळ्या कापडात गुंडाळलेली चपटी पेटी होती. तिच्यात तळहाताएवढा कागद. कागदावर प्रतिमा उमटवणे माणसाला नुकतेच साधले होते, पण ती टिकवणारे रसायन अजून सापडायचे होते, त्या काळातला. ज्या उजेडाने ते चित्र काढले, तोच उजेड ते पुसून टाकी. म्हणून कागद अंधारात राही आणि लेखी परवानगी घेऊन येणाऱ्यांनाच, मंद तांबड्या दिव्याखाली, मोजून दाखवला जाई.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये त्यांनी चौतीस वर्षे दुसऱ्यांची छायाचित्रे धुतली होती. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग पसरत चालला होता. कडेकडेने थोडे जग अजून आत येई, त्यामुळे ते चिमणीसारखी मान वाकडी करून तिरपे पाहत. हिवाळा संपेपर्यंत तेही जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून मुलीने रजा काढली आणि ज्या जागा त्यांनी जन्मभर केवळ पुस्तकांत पाहिल्या, त्या दाखवायला ती त्यांना घेऊन निघाली.

निघतानाच त्यांनी तिला बजावले होते, "हे बघ भिंगरे, यापुढे तुझेच डोळे मला वापरायचेत. सुंदर सांगू नकोस. आहे तेवढंच सांग. कबूल?"

"कबूल."

तिने शब्द पाळला होता. सकाळी ते जुन्या स्टुडिओत गेले. तिथे गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून लावायचा लोखंडी चिमटा होता. बाबांनी तो बोटांनी चाचपला. "तुझ्या आईला यात बसवायला हवं होतं," ते म्हणाले. "एक फोटो धड येऊ दिला नाही बाईनं." मग चेहरा वर करून त्यांनी विचारले, "ते काचेचं छत कसं आहे गं?"

"सात काचा फुटल्यात. एकीच्या जागी पत्रा ठोकलाय. बाकी सगळी कबुतरांची घाण."

"शाब्बास!" बाबा खूश होऊन हसले होते.

पण या पेटीची गोष्ट निराळी होती. तिच्यातल्या कागदावर एक खिडकी होती. मुलीच्या लहानपणी इतर घरांतल्या गोष्टींत राजाराणी असत. तिच्या घरी बाबांच्या गोष्टींत ही खिडकी असे. तीन तावदाने, डावे किंचित उघडे, आणि त्यातून आत येणारा दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा उजेड.

दिवा लागला. बाईंनी झाकण उचलले आणि लगेच पाठ फिरवून त्या घड्याळाकडे पाहू लागल्या. "सत्तावीस वर्षं झाली, मी स्वतः कधी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "बघत बसले तर मोजायचं राहून जाईल. पण दिसतं हो सगळ्यांना. आजवर कुणाची तक्रार नाही."

बाबांनी मान वाकडी केली. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

कागद कोरा होता. ती एकदा दिव्याकडे सरकली, एकदा मागे झाली. चहा सांडून वाळल्यासारखा फिकट तपकिरी रंग. त्याव्यतिरिक्त काही नाही.

"अहाहा," बाबा हळूच म्हणाले. "तीन तावदानं. डावं उघडं आहे. आणि तो उजेड... बाई, फार जपलंत हो तुम्ही."

घड्याळाकडे तोंड केलेल्या बाईंनी मान डोलावली. "आठ," त्या म्हणाल्या आणि झाकण पडले.

मुलीने बाबांकडे पाहिले. म्हणजे त्यांचे डोळे गेलेच होते. हिवाळा संपेपर्यंतही थांबले नव्हते. समोर काही नसताना ते आठवणीतली खिडकी पाहत होते आणि आपण पाहतो आहोत असे त्यांना वाटत होते.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात बाबांनी तिचा हात धरला.

"तुला दिसली का गं खिडकी?"

"हो बाबा. अगदी स्पष्ट," ती म्हणाली. "डावं तावदानसुद्धा."

बाबा थांबले.

"कागद कोरा होता," ते म्हणाले. "तेवढं अजून दिसतं मला."

"मग आत तुम्ही..."

"त्या बाईंसाठी बोललो. सत्तावीस वर्षं राखण केलीय त्यांनी. त्यांच्यासमोर कसं सांगायचं, काही उरलं नाही म्हणून?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर तिला बरे वाटले असते. "म्हटलं, बाहेर आल्यावर तू सांगशीलच."

तिला पुष्कळ काही बोलायचे होते. त्यातले काहीच आता खरे वाटणार नव्हते. ती त्यांना धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेली.

"पुढे तीन पायऱ्या आहेत, बाबा."

बाबांनी तिचा हात सोडला, भिंतीचा आधार घेतला आणि पायाने चाचपत पायऱ्या स्वतः मोजल्या.