तिसऱ्या दारातला कुत्रा

रेकॉर्डरमधून बाहेर काढलेली कॅसेट दुरुस्तीवाल्याने दोनदा उलटसुलट करून पाहिली. ती त्याची नव्हती.

जुना टेपरेकॉर्डर हाती आला की आपली रिकामी कॅसेट आत घालायची, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि शीळ घालून यंत्र तपासायचं, ही त्याची कायमची सवय. आज फोनवर बायकोशी बोलण्याच्या नादात त्याने गिऱ्हाईक म्हणून आलेल्या ताईंचीच कॅसेट आत सारली, आणि बटण तसंच ठेवून चहाला गेला. आता तिच्यावर आधी त्याची शीळ होती, मग बायकोला दिलेली "हो, आणतो" अशी दोनचार उत्तरं, आणि पुढे शेवटपर्यंत पंख्याची घरघर. दुसरी बाजू मुळातच कोरी होती.

ताई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालणारा जुना घरगुती कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर ठेवला, सोबत रेकॉर्डर आणि ही कॅसेट.

"दादानं कॉलेजात असताना लिहिलेला खेळ आहे यावर," त्या म्हणाल्या होत्या. "तो त्याच वर्षी गेला. बाबांना एकदा बघायचाय. हल्ली दुसरं काही बोलतच नाहीत."

निघताना त्या दारात थांबल्या. "नाही निघालं काही, तर तसं सरळ सांगा हं. जुनी वस्तू आहे. मी मनाला लावून घेणार नाही."

इतकं समजूतदार गिऱ्हाईक त्याच्या दुकानात क्वचितच येई. म्हणूनच आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉम्प्युटरचं तसं काही बिघडलं नव्हतं. अडॅप्टरमधला फ्यूज तेवढा जागेवर नव्हता. तो बसवला तर पडदा पहिल्याच फटक्यात उजळला होता. खेळ लिहिणाऱ्या पोराने कॅसेटचीही काळजी घेतली होती. चुकून कोणी वर काही भरू नये म्हणून तिच्या पाठीवरची पट्टी मोडून ठेवली होती. पण नंतर कोणीतरी ती खाच चिकटपट्टीने बुजवली होती. ती चिकटपट्टी नसती, तर रेकॉर्डचं बटण दाबलंच गेलं नसतं. दुरुस्तीवाल्याने चिकटपट्टीला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने हलकं वाटलं नाही.

"सांगून टाका," संध्याकाळी बायको म्हणाली. "चूक काय माणसाच्याच हातून होते."

"होते. पण गेलेल्या पोराची एकच गोष्ट उरली होती गं."

सकाळी त्याने सांगायचं म्हणूनच फोन लावला. उचलला बाबांनी. त्याने दुकानाचं नाव सांगितलं.

"झाला का चालू?" म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. "अहो, त्या खेळात मीच आहे. मी पोस्टमन होतो ना. तीन घरांत पत्रं टाकायची. तिसऱ्या दारात कुत्रा. मला तो कधी म्हणजे कधी चुकवता आला नाही. पोरगा हसून हसून लोळायचा."

"अच्छा," दुरुस्तीवाला कसाबसा म्हणाला.

"किती वर्षं पोरीच्या मागे लागलोय, दुरुस्त करून आण. ही म्हणते, सुटे भाग मिळत नाहीत. तुमच्याकडे मिळाले ना?"

"मिळाले, बाबा."

हे बोलून गेल्यावर खरं सांगायचं त्याचं धाडस संपलं. त्याने फोन ठेवला आणि माळ्यावरून प्रोग्रॅमिंगचं जुनं पुस्तक खाली काढलं.

उमेदीच्या वयात तो या कॉम्प्युटरची भाषा शिकला होता. आता रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो पोस्टमन चालवायला बसू लागला. चार चौकटींचा कुत्रा केला, त्याला शेपूट लावली. काही ठिकाणी मुद्दाम कच्चेपणा ठेवला, कॉलेजातल्या पोराच्या हातून राहील तेवढाच. खोटं जितकं छान जमत होतं, तितकी त्याला स्वतःची लाज वाटत होती. ताईंनी मात्र एकदाही चौकशीचा फोन केला नाही. बाकीची गिऱ्हाइकं नुसत्या मिक्सरसाठी जीव खातात. किती विश्वास टाकलाय बाईने, असं वाटून त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी खेळ त्याच कॅसेटवर भरून त्याने ताईंना कळवलं.

"निघाला खेळ."

"निघाला?" त्या म्हणाल्या. "त्याच कॅसेटवरून?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. दुरुस्तीवाल्याला ओशाळल्यासारखं झालं.

त्याने स्वतः घरी जाऊन सगळं जोडून दिलं. रेकॉर्डर किरकिरला, पडद्यावर तीन दारं उभी राहिली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. पहिलं घर झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्या दारात कुत्र्याने पोस्टमनला गाठलं.

"हाच," बाबा म्हणाले. "हाच तो हलकट." ते हसत होते आणि डोळे पुसत होते. "बघ गं, तुझ्या दादाचा कुत्रा."

ताई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्या पडद्याजवळ आल्या नाहीत. चहाचे रिकामे कप उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बाबांनी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. दुरुस्तीवाल्याला तिथे बसवेना. तो उठून ताईंच्या मागोमाग आत गेला.

"ताई, मी तुम्हाला फसवलं," तो म्हणाला. "कॅसेट माझ्या हातून पुसली गेली. हा खेळ मी लिहिलाय. काय बोलायचं ते बोला."

त्यांनी नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत पडद्यावरचा कुत्रा भुंकला आणि बाबा पुन्हा हसले. ताईंनी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

"तुम्ही पुसलीत ती रेडिओवरची गाणी," त्या म्हणाल्या. "दादाचा खेळ तो दवाखान्यात असताना मीच पुसला होता."