रुईझची बायको

जेवता जेवता प्रसन्नचा फोन वाजला, आणि नीताने हातातला डाव तसाच आमटीत सोडला. पुन्हा रुईझच असणार.

अमेरिकन सैन्यातला हा सार्जंट, तिचा नवरा, इराकच्या आघाडीवरून पंधरा दिवसांच्या रजेवर स्टुटगार्टला आला होता. त्यातले अकरा संपले होते. पण रजा तिच्या वाट्याला आलीच कुठे? सकाळ-संध्याकाळ तो लॅपटॉप उघडून तिकडच्या पोरांशी बोलत बसायचा. त्यातही रुईझ. रुईझ असं म्हणाला, रुईझला हे आवडलं असतं. एकदा तर झोपेतही त्याने रुईझलाच हाक मारली होती. सवत बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

फोन ठेवला तेव्हा प्रसन्नचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रुईझ," तो म्हणाला. "रस्त्यात बॉम्ब पुरला होता. आज पहाटे त्याला इथे जर्मनीत, लांडश्टूलला आणलंय."

नीताच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता तरी हे नाव थांबेल. तिची तिलाच शरम वाटली. ती उठली, गाडीची किल्ली घेतली. "चल. मी चालवते."

लांडश्टूलच्या लष्करी हॉस्पिटलपर्यंत दोन तास ती महामार्गावर गाडी चालवत होती.

रुईझ तेवीस वर्षांचा होता. उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला. प्रसन्न कॉटशी बसून त्याला चमच्याने जेली भरवायला लागला, आणि कशावरून कोण जाणे, दोघंही मोठ्याने हसले. अकरा दिवसांत हे हसू नीताने एकदाही ऐकलं नव्हतं. तिला तिथे थांबवेना. ती बाहेर आली.

बाहेर खुर्चीवर रुईझची बायको एलेना बसली होती; तीही स्टुटगार्टलाच राहायची, सकाळीच धावत आली होती. डोळे सुजलेले. नीता शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला.

"फार वाईट झालं गं."

"कृत्रिम पाय लावून देणार आहेत. वर्षभरात चालायला लागेल म्हणाले." एलेनाने इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी कबूल करावी तसा आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. मघाशी मला झोप लागली. इथेच, बसल्या बसल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आता त्याला परत नाही ना पाठवणार ते."

नीताने हळूच आपला हात काढून घेतला. आजवर रुईझचा जो हेवा वाटायचा, तोच आता या बाईचा वाटत होता. आणि कितीतरी जास्त.

तेवढ्यात डोळे पुसत प्रसन्न बाहेर आला.

"नीता, मी रजा संपायची वाट नाही बघत. उद्याच्या विमानात जागा मिळते का विचारून येतो. पोरं एकटी पडलीत तिकडे."

तिच्या उत्तरासाठी तो थांबला नाही. लांबलचक कॉरिडॉरमधून झपाझप चालत निघाला. फरशीवर त्याची दोन्ही पावलं एकसारखी वाजत होती.

नीता त्या दोन धडधाकट पायांकडे बघत राहिली. मग तिने घाईघाईने डोळे मिटून घेतले, मनात आलेलं एलेनाला दिसू नये म्हणून.