बठ्ठा खाले उतरा

शेतरस्त्याच्या चिखलात पोट टेकू नये म्हणून देवचंदने स्प्रिंगचे जादा पाटे टाकून पिकअप उंच करून घेतली. तेव्हापासून स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. धरणगावच्या रस्त्यावर गाडी दोनदा एकाच विहिरीच्या काठापर्यंत गेली होती.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याने ती धुळ्याला माझ्या गॅरेजात आणली. मी स्टिअरिंगचा टायरॉड बदलला, पाटे खोलून पुन्हा बसवले. तरी रिकामी गाडी मागून डावीकडे झुकलेलीच. माझं डोकं फिरलं.

गाडीचा झोल, म्हणजे कल, बघण्याआधी आम्ही आतली सगळी माणसं खाली उतरवतो. सवयीने मी ओरडलो, "बठ्ठा खाले उतरा रे!"

"गाडीमा कोनीच नही, नाना," शेजारी उभा देवचंद म्हणाला.

तेवढ्यात पाटे करकरले. डावी बाजू हळूहळू वर आली आणि गाडी सरळ झाली.

देवचंदने चक्कर मारून पाहिली. गाडी नाकासमोर चालत होती. तो खुशीत निघून गेला.

मी हात धुवायला समोरच्या पिंपाकडे निघालो. दोन पावलांतच डावा खांदा जड झाला. नजर पिंपावर होती, पण पाय डावीकडे वळत होते.

डावीकडे आमची विहीर आहे. तिला कठडा नाही.