खातेदाराची सही

अर्धांगवायूनं सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून त्यांच्या चेकवर सही सूनच करायची. वीजबिल असो, औषधं असोत, नाहीतर धाकट्या दिराच्या गाडीचा हप्ता. "वहिनी, जरा बाबांची सही मारा," म्हणत दीर चेकबुक पुढे करायचा आणि सही बघून खूश व्हायचा. "हुबेहूब!"

परवा तिनं पहिल्यांदाच कुणाला न विचारता एक चेक फाडला आणि वटवला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अडलं होतं, आणि नवऱ्यापुढे तोंड वेंगाडून झालं होतं. बँकेचा मेसेज दिराच्या मोबाइलवर गेला. त्यानं घर डोक्यावर घेतलं आणि तडक पोलीस चौकी गाठली.

"चेकची चोरी, खोटी सही, बँकेची फसवणूक. तिन्हींची वेगवेगळी कलमं लागतात!" परत आल्या आल्या तो गरजला. "आता तुरुंगाची हवा खा. तक्रारीवर खातेदाराची सही झाली, की गुन्हा दाखल."

नवरा पंख्याकडे बघत बसला.

दिरानं तक्रारीचा कागद सासऱ्यांपुढे धरला. त्यांचा हात काही उचलला जाईना. नुसते डोळे भरून आले. चौकीतले साहेब निघून जातील म्हणून दिराची घालमेल चाललेली. शेवटी वैतागून त्यानं सवयीनं कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"वहिनी, जरा बाबांची सही मारा."

तिनं मारली.

दिरानं कागद उजेडात धरून पाहिला. "हुबेहूब!" म्हणाला, आणि पायांत चपला सरकवून निघाला.