जागा करावी लागली

माझा नवरा गार्थ मिनेसोटाचा अख्खा हिवाळा तळघरात बसून कॉम्प्युटरवरच्या घोडेस्वारीच्या गेमला मॉड, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले फेरफार, चढवत होता. घोड्याला रेशमी शेपूट, आभाळाला नवे ढग, कोंबड्यांनासुद्धा खऱ्यासारखी पिसं! "अरे, एकदा दाखव तरी," असं टुमणं लावल्यावर आज मला बोलावणं आलं. हॉटडिश, म्हणजे इकडचा बटाटा-खिम्याचा भाजका पदार्थ, ओव्हनमध्ये सरकवून मी खाली जाऊन बसले, तर मॉड गेमला जोडणाऱ्या मॉड मॅनेजरवर लाल अक्षरं: 'या फोल्डरमध्ये गेम सापडला नाही.'

गार्थने घाम पुसत त्याच्या मित्राला, व्हर्नला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"फोल्डरचा पत्ता नीट दिलायस का?" व्हर्नने विचारलं.

"दिलाय रे बाबा, दहादा तपासला."

"आणि मॉड? ते गेमच्याच डिस्कवर लागतात, सांगितलं होतं ना तुला?"

"म्हणून तर काल सगळे तिकडे हलवले. मावेनात, मग जागा करावी लागली."

"जागा कशी केलीस?"

"एक भलंमोठं फोल्डर उगाच पडून होतं, ते उडवलं."

मग व्हर्न ओरडला, "गधड्या, तोच गेम होता! उडवण्याआधी बघायचं तरी!"

गार्थ माझी नजर चुकवत पुटपुटला,



"बघितलं ना! हिवाळाभरात एकदाही कुणी उघडलेलं नव्हतं."