पातळ पिवळं

सासूबाईंनी अंड्याच्या पिवळ्याचा घास जिभेने पुढे सारला आणि रुमालात टाकला.

"खडू आहे हा," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहायचा. खायचा नव्हे."

सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. सासूबाई दोन घोट प्यायल्या. केस गेल्यापासून डोक्यावर असलेली लोकरीची टोपी त्यांनी कानांवर ओढली आणि कडक उकडलेल्या अंड्याची बशी मनगटाने लांब ढकलली.

"अंडी खा, अंगात बळ येईल, असं डॉक्टरांनीच सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या.

"पूर्ण शिजवून खा, असंही सांगितलंय, आई. या औषधांनी आजाराबरोबर अंगातले पहारेकरीही झोपवलेत. कच्च्या पिवळ्यातून एखादा जंतू आत शिरला तर अडवणार कोण?"

"जन्मभर मी पातळ पिवळंच खाल्लं. तेव्हा कोण अडवत होतं?"

"तेव्हा पहारेकरी जागे होते."

आठवड्याच्या शेवटी दवाखान्यात वजन व्हायचं होतं. आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबणार, आणि डोस लांबला की आजाराला रान मोकळं. हे दोघींनाही ठाऊक होतं. सासूबाईंना सगळ्याच अन्नाचा वास येऊ लागला होता. परवापासून त्या एकच गोष्ट मागत होत्या: वरचं टोक फोडून चमच्याने खायचं अंडं, पिवळं मधासारखं वाहणारं.

सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. काचेच्या ताटल्यांत जंतू वाढवायचे आणि ते कोणते ते ओळखायचे, हा तिचा रोजचा उद्योग. ताकही फुंकून पिण्याची सवय तिला तिथेच लागली होती.

"काही जंतू वाढवायचे असले ना, तर आम्ही ताटलीत अंड्याचं पिवळंच कालवतो," ती म्हणाली. "एका रात्रीत ताटली भरून जाते."

"म्हणजे काय खावं ते जंतूंनाही कळतं."

सून हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग फ्रीजमधून एक अंडं काढलं आणि तडा नाही ना, हे दिव्यापुढे फिरवून पाहिलं. लहान पातेल्यात पाणी घेतलं. कपाटातून लांब काचेचा थर्मामीटर काढला. तो तिने कालच आणला होता, पण वापरायचा धीर झाला नव्हता.

जंतू मरावेत आणि पिवळं मात्र घट्ट होऊ नये, यांच्यामध्ये एक अरुंद वाट असते. कारखान्यात ती वाट यंत्रं सांभाळतात. इथे एक पातेलं होतं आणि ती होती. पारा वर सरकला की ती चमचाभर गार पाणी घालायची, खाली आला की आच वाढवायची. तास उलटला. सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"एवढ्यात कोंबडीने पिल्लू काढलं असतं."

"आई, बोलू नका. पारा चढतोय."

"मी बोलले म्हणून?"

शेवटी तिने आच मोठी केली, अंड्याला उकळत्या पाण्याचा चटका दिला आणि ते पेल्यात उभं ठेवलं. टोक फोडलं. पिवळं हललं आणि कडेवरून ओघळलं.

सासूबाईंनी हात पुढे केला. सुनेने पेला आपल्याकडे ओढला.

"आज नाही. हे मी प्रयोगशाळेत नेते. ताटलीवर घालून ठेवते. उद्यापर्यंत काही उगवलं नाही, तर उद्या अगदी असंच करून देईन."

"का?"

"घरी कधी केलेलं नाही मी हे. ऊब मधोमध पोचली की नाही, मला बाहेरून दिसत नाही. चुकलं असलं तर..."



सासूबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "अगं, भूक आज लागलीय," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी! उद्या लागेल की नाही, ते तुझ्या ताटलीत उगवतं का?"

सुनेने पर्स उघडली. तिने आतून झाकणाची काचेची नळी काढली, ओघळलेल्या पिवळ्यातलं थोडं तिच्यात घेतलं आणि झाकण घट्ट बसवलं. पेला सासूबाईंपुढे ठेवला. वर चमचाही ठेवला.

सासूबाई सावकाश खाऊ लागल्या. मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. पिवळं हनुवटीवर आलं, ते त्यांनी बोटाने पुसलं आणि बोट चाटलं. मग चमचा टरफलाच्या तळाशी खरवडल्याचा आवाज येत राहिला.

सुनेने नळी पर्समध्ये ठेवली, चपला पायात घातल्या. दाराशी पोचली तरी तिची नजर त्यांच्यावरच होती, जणू पुढच्या क्षणीच काहीतरी व्हायचं होतं. असं काही व्हायला निदान दिवस जावा लागतो, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

खरवडणं थांबलं.

"आणखी एक आहे का गं?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. कामावर जायची वेळ केव्हाच झाली होती. तिने चपला काढल्या आणि पातेल्यात ताजं पाणी घेतलं.